टेबलावरचा माझा मणका

माझ्या कमरेचा मणका हिंजवडीतल्या एका काचेच्या इमारतीत टेबलावर ठेवलेला असायचा आणि मी त्याच्या शेजारी बसून डबा खायचो. हे वाक्य मी बऱ्याच ठिकाणी सांगून बघितलं आहे. लोक आधी हसतात, मग हळूच माझ्या कमरेकडे बघतात. त्यांचाही दोष नाही.

नीट सांगतो. आमची कंपनी सर्जन लोकांच्या तालमीसाठी यंत्रं बनवायची. खऱ्या माणसावर हत्यार चालवण्याआधी प्लास्टिकच्या माणसावर चालवून बघावं, एवढाच त्यामागचा विचार. त्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहिण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. नव्वदच्या दशकात मी सरकारी परीक्षांचा नाद सोडून कॉम्प्युटरकडे वळलो, तेव्हा पाटबंधारे खात्यात नोकरी केलेल्या माझ्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला होता, "हे खातं कुठल्या मंत्र्याकडे येतं?" कुठल्याच नाही म्हटल्यावर ते जे गप्प झाले, ते मला पहिली बढती मिळेपर्यंत.

त्या वर्षी आमच्याकडे दुर्बिणीने होणाऱ्या मणक्याच्या ऑपरेशनचं काम आलं. ह्यात पाठ उघडत नाहीत. बाजूने करंगळी जाईल एवढं भोक पाडतात आणि त्यातून पेन्सिलीएवढी नळी आत सरकवतात. नळीच्या टोकाला कॅमेरा असतो, आत सतत पाणी सोडलेलं असतं, आणि सर्जन स्वतःच्या हाताकडे न बघता समोरच्या पडद्याकडे बघत दोन मणक्यांमधली सरकलेली गादी कुरतडून काढतो. गादीला खेटून नस असते. तिला धक्का लागला तर संपलं. तेव्हा हा पडदा कसा असावा, हे आम्हाला शोधायचं होतं. एक साधा सपाट टीव्ही, दुसरा चष्मा लावून बघायचा थ्रीडी टीव्ही, आणि तिसरा डोक्यावर चढवायचा हेडसेट, जो घातल्यावर माणूस टांग्याच्या घोड्यासारखा दिसतो. तेच सर्जन, तोच मणका, पडदे तीन. कुठे नसेला कमी धक्के लागतात ते मोजायचं.

सर्जन मिळाले. पडदे आले. मणका नव्हता. एखाद्या हॉस्पिटलकडून पेशंटचे स्कॅन मागायचे तर परवानगी, समिती, समितीची बैठक, बैठकीला न आलेले सदस्य. आमचा मॅनेजर माझ्याहून बराच लहान, मला 'सर' म्हणायचा आणि कामं सांगायचा. तो वैतागून म्हणाला, "सर, बेसिकली आपल्याला फक्त एक डीसेंट स्लिप डिस्क हवीये."

"माझ्या बॅगेत आहे," मी म्हणालो.

मी आदल्या दिवशीच एमआरआय आणि सीटी स्कॅन करून आलो होतो, सीडी अजून बॅगेतच होती. मॅनेजरचा चेहरा क्षणभर हळहळला. "ओह. सर, सो सॉरी," तो म्हणाला, आणि त्याच श्वासात, "कितवा मणका?" चौथ्या-पाचव्याच्या मधली गादी म्हटल्यावर त्याने माझा हात हातात घेतला. कंपनीने माझ्या कुठल्याही कामाचं एवढं कौतुक केलं नव्हतं.

थोड्याच दिवसांत माझा मणका छापून आला. हाडं पांढऱ्या प्लास्टिकची, गादी रबराची आणि माझ्यासारखीच डावीकडे फुगलेली, नस पिवळ्या सिलिकॉनची. नसेच्या आत एक तार होती. हत्यार लागलं की आवाज व्हावा म्हणून. कोणता आवाज, यावर एक मीटिंग झाली. भोंगा नको, सर्जन दचकतात. घंटा नको, देवळासारखं वाटतं. शेवटी कुणीतरी दाराच्या बेलमधला चिमणीचा चिवचिवाट टाकला, तात्पुरता म्हणून, आणि आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टींचं जे होतं तेच त्याचंही झालं. म्हणजे सर्जनचं हत्यार माझ्या नसेला लागलं की चिमणी ओरडायची. आमच्या घरच्या दारालाही तीच चिमणी होती. दूधवाला आला की माझ्या डाव्या पायात कळ जायला लागली.

कळ होतीच म्हणा. कंपनीच्या बसने वर्षानुवर्षं हिंजवडीला जाऊन येऊन ती गादी सरकली होती. आमचा ड्रायव्हर शेजारच्या माण गावचा, त्याला माझी कंबर माहीत होती. "साहेब, धरून बसा, पुढं खड्डा हाय," असं तो दर वेळी ओरडायचा, आणि माझ्याबरोबर अख्खी बस कमरेवर हात ठेवायची. पण कळेचं मला एवढं वाटत नव्हतं. डाव्या पायाचा अंगठा वर उचलेना झाला होता. रस्त्याने चालताना चप्पल मागे राहायची आणि मी पुढे निघून जायचो, मागून कुणीतरी हाक मारायचं, "अहो, चप्पल!" मला तपासणाऱ्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की नस दाबली गेली आहे, ऑपरेशन करा, उशीर केलात तर पाऊल कायमचं लुळं पडेल. ते स्वतः दुर्बिणीने करत नव्हते. कुणाकडून करून घ्यायचं ते मी ठरवायचं होतं, आणि मी ठरवत नव्हतो. मी घाबरलो होतो. विचारलं की मात्र "काही नाही, जरा कंबर धरलीये" असं सांगायचो. आमच्या घरात दुखण्याबद्दल बोलायची पद्धत नाही. वडिलांचं अपेंडिक्स फुटलं तेव्हासुद्धा ते "काही नाही" म्हणतच रिक्षात बसले होते.

बायको बँकेत अधिकारी आहे, तिला अनिर्णय आवडत नाही. ती म्हणाली, "अहो, लोक नुसतं नाव ऐकून सर्जन ठरवतात. तुमच्यासमोर गावातले निम्मे सर्जन येऊन तुमच्याच मणक्यावर तालीम करतायत. मंडईत पावशेर वांगी घ्यायची तर अर्धा तास उलटीपालटी करून बघता. इथे बघा की!"

मुद्दा बिनतोड होता. मी बघायला लागलो, आणि तिथेच घात झाला.

सर्जन शनिवारी यायचे. पहिल्याच शनिवारी एकांनी हातमोजे चढवत विचारलं, "पेशंटची हिस्टरी काय?"

"पेशंट तुमच्या शेजारी उभे आहेत," मॅनेजर म्हणाला.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अरेरे. मग आपण बसून घ्या ना," असं म्हणून त्यांनी नळी आत घातली. मी बसलो. "गादीची पार चटणी झालीये हो," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "हाडं मात्र सुरेख आहेत." मी 'थँक यू' म्हणालो. लगेच चिमणी ओरडली आणि मी मांडी आवळली.

थ्रीडी पडद्याचा घोळ वेगळाच. बहुतेक सर्जन चाळिशी ओलांडलेले, त्यांना आधीच चष्मे. त्यांनी चष्म्यावर चष्मा चढवला. दोन्ही मिळून नाकावरून घसरायचे, आणि दोन्ही हात माझ्या मणक्यात असल्यामुळे ते वर सारायचं काम माझ्याकडे आलं. मी एकेका सर्जनमागे उभा राहून त्यांचे चष्मे सावरायचो. "मला दोन नसा दिसतायत," एक जण म्हणाले. "ह्यातली खरी कोणती असेल?" मी म्हणालो, "डॉक्टर, मला एकच आहे." ते म्हणाले, "मग डावीकडची असणार." चिमणीच्या मते ती उजवीकडची होती.

हेडसेटचं तर विचारूच नका. एक अत्यंत विद्वान गृहस्थ तो घालून म्हणाले, "अहाहा! मी मणक्याच्या आत उभा आहे!" आणि आजूबाजूला काय काय आहे ते बघायला गर्रकन वळले. हत्यार हातातच होतं. सकाळी झाडावर चिमण्यांचा होतो तसा गलका झाला. शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाहेर कुठून पडायचं?" आम्ही त्यांना धरून खुर्चीत बसवलं, लिंबू सरबत दिलं. ते पीत असताना ते म्हणाले की भविष्य हेच आहे.

आणि गंमत अशी की शेवटी 'तुम्हाला कोणता पडदा सर्वांत चांगला वाटला' असं विचारलं, की ज्या पडद्यावर ज्यांनी चिमणीला सर्वांत जास्त ओरडायला लावलं, त्यांना तोच पडदा आवडलेला असायचा. चित्र सुंदर दिसलं की माणूस खूश. नस ही त्यांच्या दृष्टीने आमच्या यंत्रातली उणीव होती. "तुमची नस फार सेन्सिटिव्ह ठेवलीये," असं मला बऱ्याच जणांनी सुनावलं. मी नाइलाजाने सांगायचो की ती आधीपासून तशीच आहे. हॉटेलचं स्वयंपाकघर बघून आलेल्या माणसाला जेवण जात नाही, तसं माझं झालं. रोज अंगठा थोडा थोडा जास्त खाली राहत होता, आणि ज्याचं नाव घेऊन घरी जावं असा एकही हात मला सापडत नव्हता.

अगदी एकही नाही असं नाही. एक मोठे डॉक्टर यायचे. शहरात त्यांचा दबदबा, हात चपळ, बोलणं ठाम. चिमणी त्यांच्याही वेळी ओरडायची, पण त्यांच्यासमोर तिचा आवाजसुद्धा लहान वाटायचा. माझ्या सगळ्या नातेवाइकांनी त्यांचंच नाव सुचवलं होतं. मनातल्या मनात मी त्यांच्यापाशी येऊन थांबलो होतो. नवरात्र झालं की त्यांची वेळ घ्यायची असं बायकोला सांगितलंही.

खंडेनवमीला आमच्या ऑफिसात यंत्रांची पूजा असते. एरवी सगळा कारभार इंग्रजीतून चालतो, पण त्या दिवशी सर्व्हरला झेंडूचा हार पडतो आणि प्रिंटरसमोर नारळ फुटतो. आमचं घर बौद्ध. दुसऱ्या दिवशीचा दसरा आमच्याकडेही मोठा, पण त्याचं कारण वेगळं, आणि हळदकुंकू, कापूर वगैरे घरात काही नसतं. त्यामुळे ऑफिसच्या पूजेला मी दर वर्षी पेढ्यापुरता हजर राहायचो. त्या वर्षी एचआरच्या बाई मला शोधत जागेवर आल्या.

"सर, चला लवकर. यंदा तुम्ही हवेच."

"आमच्याकडे पूजा करत नाहीत हो," मी म्हणालो.

"अहो सर, तुम्हाला कुठे करायचीये? तुमचीच आहे!"

खरंच होती. माझा मणका लाल कापडावर ठेवला होता. प्रत्येक हाडाला हळदकुंकू, माकडहाडाला झेंडूची माळ, समोर नारळ. मी भिंतीला टेकून स्वतःच्या मणक्याची आरती बघितली. टेस्टिंगमधल्या एका मुलीने त्याला डोळे मिटून नमस्कार केला, वळली, मी दिसलो, तर गोंधळून मलाही केला. मी आशीर्वाद द्यावा की आभार मानावेत ते न कळून नुसता हसलो. घरी येऊन वडिलांना हे सांगितलं. त्यांनी पेपर खाली केला. "आम्ही विचार करून सगळे देव सोडले," ते म्हणाले, "आणि तू स्वतःच होऊन आलास." त्यांनी पेपर पुन्हा वर केला.

पूजा करणाऱ्यांनी कसर ठेवली नव्हती. कुंकू हाडांवर होतंच, पण नळी जिथून आत शिरते त्या भोकातही ठासून भरलं होतं. महत्त्वाचं काम तिथे होतं ना, मग मानही तिथेच. आणि ते पुसायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण पूजलेलं पुसायचं कोणी? दसऱ्यानंतरच्या शनिवारी सर्जन आले, पाणी सुरू झालं, आणि तिन्ही पडदे लालभडक झाले.

मोठ्या डॉक्टरांच्या डोक्यावर तेव्हा हेडसेट होता. मी पाणी बंद करायला धावलो. ते मात्र आनंदाने ओरडले, "वा! क्या बात है! रक्तस्राव आणलात का शेवटी? एकदम अस्सल!" आणि त्या लाल ढगात ते तसेच पुढे घुसले. चिमणी ओरडत होती, ते "मस्त, मस्त" म्हणत होते, मॅनेजर माझ्याकडे बघून अंगठा दाखवत होता. त्यांनी नेहमीपेक्षा लवकर काम संपवलं, घाम पुसला आणि जाहीर केलं की इतकं खरं यंत्र त्यांनी परदेशातही पाहिलेलं नाही. त्यांच्यामागून दोघांनी तेच केलं आणि तेच म्हटलं. मी त्या भोकाला हात लावून पाहिला. बोटं लाल झाली. मी मॅनेजरच्या कानात सांगितलं, "अरे, हे कुंकू आहे." तो कुजबुजला, "सर, प्लीज. आत्ता नको."

शेवटी एक डॉक्टरबाई होत्या. मार्केट यार्डाच्या बाजूला त्यांचं छोटं हॉस्पिटल होतं, हमाल आणि ट्रकवाल्यांच्या कमरा हा त्यांचा रोजचा धंदा. आमच्याकडे त्या दोन-तीनदा आल्या होत्या, फारसं बोलत नसत, म्हणून माझं त्यांच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. त्यांनी नळी आत घातली. पडदा लाल झाला. त्यांनी हत्यार मागे घेतलं आणि उभ्या राहिल्या.

"मॅडम, एनी प्रॉब्लेम?" मॅनेजरने विचारलं.

"मला दिसत नाहीये."

"तो इफेक्ट आहे मॅडम. तुम्ही कंटिन्यू करा ना."

"काय कंटिन्यू करू? मला दिसत नाहीये."

त्या थांबल्या. पाणी वाहत राहिलं. कुणी खोकलं. मोठे डॉक्टर घड्याळात बघून सौजन्याने हसले. पडदा हळूहळू गुलाबी झाला, मग जरा निवळला, तेव्हा त्यांनी पुन्हा हात पुढे केला, थोडं कुरतडलं, पुन्हा लाल लोट आला, पुन्हा हात मागे. एवढ्यात एका तालमीसाठी ठरवलेली वेळ संपली आणि मी स्वतः लिहिलेल्या सॉफ्टवेअरने पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'अपूर्ण' असं दाखवलं.

"मॅडम, स्कोअर शून्य येईल," मॅनेजर ओशाळून म्हणाला.

"चिमणी ओरडली का?" त्यांनी विचारलं.

नव्हती ओरडली. माझ्या पायाने ते माझ्याआधी ओळखलं होतं. इतक्या शनिवारांत त्या पायाची मांडी पहिल्यांदाच सैल होती. बाईंनी नळी बाहेर काढली, टोकावर बोट फिरवलं, ते बघितलं आणि म्हणाल्या, "कुंकू आहे हे. मणक्यात कुणी घातलं?" मोठे डॉक्टर चहा घ्यायला गेले.

त्यानंतर आमच्या ऑफिसात जे झालं ते सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. कुंकू पुसलं गेलं नाही. उलट ती चूक एका रात्रीत सुधारणा झाली. सगळ्या मोठ्या सर्जनना आवडलेली एकमेव गोष्ट तीच होती. ओलं कुंकू की कोरडं, यावर बैठक झाली. तुळशीबागेतून नमुने आणायला दोन इंजिनिअर कंपनीच्या गाडीने गेले. खरेदी विभागाने विचारलं की ही वस्तू 'रसायन' म्हणून दाखवायची की 'सुटे भाग' म्हणून, आणि शिवाय तीन ठिकाणची कोटेशनं हवीत. तीन पडद्यांची तुलना बाजूला पडली आणि तीन कुंकवांची सुरू झाली. पुढे मॅनेजरने अहवाल लिहिला, त्यात हेडसेट पहिला आला. डॉक्टरबाईंची तालीम अपूर्ण म्हणून त्यांचं नाव त्यात धरलंच नव्हतं.

मी मात्र त्या शनिवारीच घरी जाऊन बायकोला सांगितलं की ठरलं.

"कोण? मोठे डॉक्टर ना?"

"नाही. शून्य मिळालेल्या बाई."

तिने भाजी ढवळणं थांबवलं. "म्हणजे ज्यांनी काहीच केलं नाही, त्यांच्याकडून तुम्ही करून घेणार?"

"दिसेना झाल्यावर काहीच केलं नाही, म्हणूनच," मी म्हणालो. तिने गॅस बंद केला आणि माझ्यासोबत यायला तयार झाली.

बाईंच्या हॉस्पिटलात मिरच्यांचा वास येत होता, शेजारी कुणाचं तरी गोदाम होतं. त्यांनी माझा एमआरआय प्रकाशासमोर धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हा मणका मी कुठेतरी बघितलाय."

"कुंकवाचा," मी म्हणालो.

"अग बाई!" त्या पहिल्यांदाच हसल्या. मी विचारलं, तुम्ही कोणता पडदा वापरता. इतकी तुलना करून बसलेला माणूस, विचारणारच. त्यांनी भिंतीवरचा साधा टीव्ही दाखवला. पुढे आमच्या अहवालात तो शेवटचा आला. त्यांनी माझा पाय हातात घेतला, अंगठा वर ओढायला सांगितलं. तो जागचा हलला नाही. "फार थांबलात," एवढंच म्हणाल्या. मग खुर्ची पुढे ओढून समजावलं की भूल फक्त पाठीपुरती देणार, मी जागा असणार. "प्लास्टिकच्या माणसाला चिमणी होती. तुम्हाला नाही. त्यामुळे तुम्ही बोलायचं. पायात कळ गेली की त्या क्षणी 'दुखतंय' म्हणायचं. सहन करायचं नाही."

"बाई, हे म्हणणार नाहीत," बायको म्हणाली. तिने मांडीवरची पर्स घट्ट धरली होती. "हे काहीतरी टोमणा मारतील. ह्यांच्या घरात कुणीच दुखतंय म्हणत नाही."

"टोमणा पूर्ण होईपर्यंत नस जाईल," बाई म्हणाल्या. "पाऊल परत येईल असं वचन मी देत नाही. पण मला नीट सांगणारा पेशंट हवा. जमेल?"

"न जमायला काय झालं," मी म्हणालो. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

ऑपरेशनच्या दिवशी मला उशांवर पालथं निजवलं. तोंड मध्ये भोक असलेल्या एका उशीत, आणि त्यातून दिसत होता तो फरशीचा एक चौकोन आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांचे बूट. इतके महिने तीन तीन पडदे पारखले, आणि माझ्या स्वतःच्या प्रयोगाला मला मिळाली फरशी. पाठीवर बोटं फिरली, सुई टोचली, मग तिथे काहीच वाटेना. पाणी वाहायला लागल्याचा आवाज आला. "आत आलेय," बाई म्हणाल्या. "आता बोलायचं."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतं. मग अचानक कमरेतून थेट अंगठ्यापर्यंत लखकन वीज गेली. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, खोटं कशाला सांगू, "डॉक्टर, आपण रस्ता चुकलात काय," असं काहीतरी. त्यातला 'डॉक्टर' बाहेर पडलाही. मग मी दात आवळले. 'काही नाही' हे शब्द माझ्या घशात इतक्या वर्षांच्या सवयीने येऊन उभे होते. त्यांना बाजूला सारायला मला जेवढं बळ लागलं, तेवढं आयुष्यात कशालाच लागलेलं नाही.

"दुखतंय!" मी ओरडलो.

सगळं थांबलं. "कुठे?" बाईंनी विचारलं.

"अंगठ्यापर्यंत. खूप दुखतंय."

"हात काढला. आता?"

"कमी."

"छान. असंच सांगा."

दुखतंय म्हटल्याबद्दल मला 'छान' असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. मग माझा बांधच फुटला. आता दुखतंय, आता नाही, आता थोडं, असं सांगता सांगता मी भलतंच सांगायला लागलो. मला भीती वाटतेय म्हणालो. चप्पल रस्त्यात राहते तेव्हा मला लाज वाटते म्हणालो. पाऊल गेलं तर मी बसची पायरी चढू शकणार नाही, आणि रात्री मी तो अंगठा हाताने चाचपून बघतो, पण तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा लागतो, हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही, म्हणालो. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे बूट अजिबात हलले नाहीत.

"बोलत राहा," वरून बाईंचा आवाज आला. "मी ऐकतेय. काम चालू आहे."

मी बोलत राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग पाण्याचा आवाज बंद झाला आणि बाई म्हणाल्या, "सिस्टर, जरा अंगठा धरा त्यांचा. हां, आता तुम्ही वर ओढा."

सिस्टरांचा हात गार होता. तो गार आहे हे मला कळलं. मी सगळा जीव एकवटून ओढलं, आणि काय झालं ते मला बघता येत नव्हतं. "ओढला का?" मी फरशीला विचारलं. "अहो, सांगा ना कुणीतरी, ओढला का?"

"ओढला की," सिस्टर म्हणाल्या. "जोर नाही अजून. पण ओढला."

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

मी पुन्हा ओढला. पालथा पडून, त्या फरशीच्या चौकोनावर टपटप आसवं गाळत मी तो अंगठा ओढत राहिलो, आणि बाई 'बास' म्हणाल्या तरी ओढतच राहिलो.